मानेची पडताळणी

शामकांत देवस्थळींची मान लिफ्टमध्ये अडकली, आणि त्यात सगळा दोष परवाना इतक्या उंचावर लावणाऱ्याचा होता, असं त्यांचं ठाम मत होतं.

सिंगापूरमधल्या हौगांगच्या ज्या इमारतीत त्यांची मुलगी ऋता आणि जावई शैलेंद्र राहत होते, तिच्या लिफ्टमध्ये उजव्या हाताला, छताजवळ, लिफ्ट चालवण्याचा सरकारी परवाना लावलेला होता. दुसरा कोणी असता तर तिकडे ढुंकूनही न बघता अकराव्या मजल्यावर उतरला असता. पण शामकांतरावांनी महाराष्ट्र सरकारच्या वजने-मापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. कागद चौकटीत दिसला की तो वाचायचा, मुदत बघायची, सहीखाली हुद्दा आहे की नाही ते बघायचं, ही त्यांच्या डोळ्यांची सवयच झाली होती. त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. म्हणून त्यांनी टाचा उंचावल्या, हनुवटी वर केली, मान उजवीकडे वळवली आणि वाचायला घेतलं. लिफ्ट अकराव्यावर जाऊन खाली आली. पुन्हा वर गेली. मधल्या मजल्यांवरची माणसं चढली, उतरली. एका बाईंनी तर त्यांना लिफ्ट दुरुस्त करणारे समजून दोन तक्रारीही सांगितल्या. चौथ्या फेरीत मुदतीची तारीख लागली. परवाना चालू होता. मान मात्र परत येईना.

तेव्हापासून ते पुढे चालत आणि उजवीकडे बघत. सव्वीस जानेवारीच्या संचलनात मानवंदना देणारा शिपाई जसा चालतो तसे. फक्त शिपायाला व्यासपीठ ओलांडलं की सुटका असते.

नुसती मान अडकली असती तर कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण ती अडकली रविवारी. येत्या शुक्रवारी त्यांचं पुण्याचं विमान होतं, आणि त्याच्या दोन दिवसांनी, रविवारी, रत्नाताईंचं वर्षश्राद्ध. रत्नाताई म्हणजे त्यांच्या पत्नी, ऋताची आई. ऋता एकुलती एक, त्यामुळे श्राद्ध शामकांतरावच करणार होते. गुरुजी ठरले होते, स्वयंपाकाच्या बाई ठरल्या होत्या.

ऋता जाणार नव्हती. तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात बाहेर पडायची होती आणि त्यातल्या चुका शोधायचं काम तिच्याकडे होतं. निदान सगळ्यांना तिने असंच सांगितलं होतं. खरं कारण एवढंच की गेल्या वर्षी तेरावं आटोपून ती कोथरूडच्या घरातून निघाली, ती पुन्हा त्या घरात गेली नव्हती. दोनदा बाबांनाच इकडे बोलावून घेतलं होतं. मान सुटली तर बाबा एकटे जाऊ शकत होते. नाही सुटली तर तिला सोबत जावंच लागणार होतं. त्यामुळे त्या मानेची काळजी मानेच्या मालकापेक्षा लेकीलाच जास्त होती.

सोमवारी नोव्हेना भागातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, इकडून दाबलं, तिकडून दाबलं आणि सांगितलं की हाडांना काही झालेलं नाही, स्नायू आखडलेत. गोळ्या घ्या, शेकत राहा, दोन आठवड्यांत सुटेल. फिजिओथेरपीची वेळ मिळत होती ती पुढच्या गुरुवारची.

"दोन आठवडे तिथी थांबणार आहे का?" शामकांतराव टॅक्सीच्या खिडकीला म्हणाले. डॉक्टरांना ते म्हणता आलं नव्हतं, कारण डॉक्टर डाव्या बाजूला बसले होते.

त्या संध्याकाळी पुण्याहून पद्माकर गुरुजींचा फोन आला. ऋताने तो स्पीकरवर टाकला.

"शामकांतराव, मी विचार केला," गुरुजी म्हणाले. "पितृकार्याला तोंड दक्षिणेला हवं. तुमची मान उजवीकडे वळलेली. बरोबर?"

"बरोबर."

"मग आपण तुमचा पाट पूर्वेला मांडू. अंग पूर्वेला, तोंड आपोआप दक्षिणेला! काही अडचणच नाही."

शैलेंद्रला हसू आवरेना. तो चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला.

"गुरुजी," शामकांतराव म्हणाले, "माझ्या बायकोच्या श्राद्धाला मी मापात खोट करणार नाही. पाट दक्षिणेला, छाती दक्षिणेला, तोंड दक्षिणेला. यातलं एक जरी इकडचं तिकडे झालं तरी मला ते चालणार नाही."

"अहो, पण शास्त्रात तडजोड—"

"व्यापारीही हेच म्हणायचे."

फोन ठेवला गेला. मग शेजारच्या स्मिताने नाव सुचवलं. तिचा नवरा जहाजावर इंजिनिअर. इंजिनरूममध्ये वाकून वाकून त्याच्या पाठीचं धनुष्य झालं होतं, ते तोआ पायोहच्या एका कायरोप्रॅक्टरने दोन खेपांत सरळ केलं म्हणे. कायरोप्रॅक्टर म्हणजे मणके हाताने दाबून, वळवून जागेवर आणणारा माणूस. "हाडवैद्य म्हण ना," शैलेंद्र म्हणाला, "बाबांना बरं वाटेल."

मंगळवारी ऋताने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाबांना एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, घेऊन निघाली. गाडीत बाबांना जागा मिळाली. उजवीकडे एक म्हातारे चिनी गृहस्थ पेपर वाचत होते. शामकांतरावांचं तोंड थेट त्या पेपरात. तीन स्टेशनं गृहस्थांनी सहन केलं, चौथ्याला त्यांनी मुकाट्याने पेपरचं एक पान काढून शामकांतरावांच्या मांडीवर ठेवलं. पान चिनी भाषेत होतं. शामकांतरावांनी ते उतरेपर्यंत आदबीने धरून ठेवलं.

स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत चालताना त्यांची कळी खुलली. सिंगापूर त्यांना आवडायचं ते याच रस्त्यांवर. "हे बघ," ते उजवीकडच्या दुकानांकडे बघत सांगू लागले, "नूडल्सवाला. दर्जा अ, चौकटीत लावलाय. तो झाडपाल्याचा वैद्य. नोंदणी क्रमांक आहे. त्या बाईंच्या कुत्र्याच्यासुद्धा नावाचा परवाना असतो इथे, शैलेंद्रने सांगितलं मला. याला म्हणतात राज्य!"

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. दोन खुर्च्या, एक उंच पलंग ज्याला डोक्याच्या जागी भोक होतं, कोपऱ्यात टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा, आणि भिंतीवर चौकटीतले दोन कागद. एका खुर्चीत सत्तरीच्या मॅडम गोह आपल्या वेळेची वाट बघत बसल्या होत्या. कायरोप्रॅक्टरचं नाव डेस्मंड टिओ. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, हात मोठे आणि आवाज लहान. इथून पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, बापलेकीचं आपसातलं तेवढं मराठीत. शामकांतरावांचं इंग्रजी सरकारी होतं, त्यात "कळविण्यात येते की" ऐकू यायचं.

"अंकल, बसा," डेस्मंड म्हणाला. "मान ना? दिसतंय."

"आधी आपलं लायसन बघू," शामकांतराव म्हणाले.

"लायसन नाही, अंकल."

ऋताने डोळे मिटून घेतले.

"मुदत संपली?"

"नाही नाही. मुळात नसतंच. आमच्या कामाला इथे सरकारी लायसन नाही. कायद्यात आमची नोंदणीच नाही."

शामकांतरावांनी खुर्चीचा हात धरला. "नूडल्सवाल्याला आहे."

"हो."

"कुत्र्याला आहे."

"हो, अंकल."

"मालिश करणाऱ्याला?"

"त्यांच्या दुकानाला लागतं."

"आणि तुम्ही माणसाची मान वळवता, तुम्हाला नाही?"

"नाही, अंकल," डेस्मंड म्हणाला, आणि अपराध्यासारखा सांगाड्याकडे बघू लागला.

"बाबा," ऋता मराठीत म्हणाली, "त्याच्याकडे पदवी आहे. पर्थला पाच वर्षं शिकलाय तो. ते काय, भिंतीवर."

"पदवी म्हणजे तराजू विकत घेतल्याची पावती," बाबा म्हणाले. "तराजू बरोबर आहे हे दरवर्षी कोणीतरी येऊन बघावं लागतं." मग पुन्हा इंग्रजीत, "आणि हा दुसरा कागद?"

"तो आमच्या संघटनेचा. मी सदस्य आहे."

"संघटना!" शामकांतरावांना हसू आलं, पण मानेमुळे ते एकाच बाजूला उमटलं. "एका तालुक्याच्या गावी धान्य व्यापाऱ्यांची संघटना होती. तिच्या अध्यक्षाच्या तराजूखाली मी तीनदा चिंच चिकटवलेली पकडली. तिन्ही वेळा त्याच्या दुकानात संघटनेचं प्रमाणपत्र होतं. चौथ्या वेळी त्याने चिंच प्रमाणपत्राच्या मागे लपवली होती."

मॅडम गोह खुर्ची पुढे ओढून ऐकू लागल्या.

"बाबा, पुरे," ऋता म्हणाली. "शुक्रवारी विमान आहे. आज नाही तर केव्हा करायचं?"

"ऋते, ज्याला कोणी तपासलेलं नाही त्याच्या हातात मी मान देणार नाही. त्यापेक्षा पश्चिमेकडे बघत पिंड ठेवीन."

ऋताने लगेच हिशेब केला. पश्चिमेकडे बघत म्हणजे तिला सोबत घेऊन. म्हणजे कोथरूड, ते घर, तो स्वयंपाकाचा ओटा. ती काही बोलणार तेवढ्यात डेस्मंडच खुर्ची ओढून शामकांतरावांच्या उजव्या बाजूला, त्यांना दिसेल असा बसला.

"अंकल, मला हवंय लायसन," तो म्हणाला. "खरंच सांगतो. पाच वर्षं शिकलो मी. उद्या कोणी चार दिवसांचा वर्ग करून समोरच्या इमारतीत हीच पाटी लावली तर त्याला कोणी विचारणार नाही. त्याने कोणाला दुखावलं की लोक माझ्याकडे बोट दाखवणार. मी दोन पत्रं लिहिली सरकारला. माझी तपासणी करा म्हटलं. छान उत्तर आलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, म्हणून."

शामकांतरावांनी त्याला नीट न्याहाळलं. चौतीस वर्षांत त्यांना बघून दुकानदार मागच्या दाराने पळाले होते, शटर ओढून आजारी पडले होते. एकाने तर चुलता मेल्याचं सांगितलं होतं, तो चुलता चहा घेऊन आला. पण 'या आणि मला तपासा' असं म्हणणारा माणूस त्यांना तोपर्यंत भेटला नव्हता.

"सहा वर्षं झाली दवाखान्याला," डेस्मंड म्हणाला. "एकदाही कोणी आलं नाही."

"सहा वर्षं पडताळणी नाही," शामकांतराव हळहळले. मग त्यांनी खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. "ठीक आहे. मी करतो."

"काय करता?" ऋताने विचारलं.

"पडताळणी."

"बाबा, तुम्हाला मणक्यातलं काय कळतं?"

"मला रॉकेलमधलं तरी काय कळत होतं? माप बरोबर आहे की नाही एवढं बघायचं." त्यांनी वहीत तारीख टाकली, दोन हजार सतरा साल लिहिलं, खाली रेघ मारली. "मॅडम, आपण पंच व्हाल का? साक्षीदार?"

"कॅन, कॅन," मॅडम गोह सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "मला कुठे जायचं नाही."

"पंच दोन लागतात."

सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली. शामकांतरावांची नजर फिरेना, तरी तीही शेवटी सांगाड्यावर जाऊन थांबली, कारण तो उजवीकडेच होता. "चालेल," ते म्हणाले. "निदान फितूर तरी होणार नाही."

मग त्यांनी पद्धत समजावून सांगितली. तराजू तपासायचा तर गिऱ्हाइकाचा माल टाकून तपासत नाहीत. आधी प्रमाण वजन टाकायचं. ज्याचं वजन नक्की ठाऊक आहे असं. त्यांच्याकडे मखमलीच्या पेटीत पितळी वजनं असायची, हात लागून झिजू नयेत म्हणून रुमालाने उचलायची. ते वजन टाकल्यावर काटा बरोबर जागी आला तर तराजू पास.

"म्हणजे अंकल, आधी असा माणूस हवा ज्याची पाठ कशी आहे हे आपल्याला माहीत आहे," डेस्मंड म्हणाला. तो आता पुढे सरसावून बसला होता.

"हुशार आहेस. ऋता, पलंगावर बस."

"मी?"

"दुसरं कोण आहे? मॅडम पंच आहेत. तुला काही दुखतंखुपतं?"

"नाही. मी ठीक आहे."

वर्षभर हे वाक्य इतक्या वेळा म्हणून झालं होतं की ते आता प्रश्न संपायच्या आत बाहेर पडायचं.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"लिहून घेतो." त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "प्रमाण व्यक्ती: मुलगी. दोष: निरंक." मग डेस्मंडकडे वळून, म्हणजे अख्खी खुर्ची वळवून, ते म्हणाले, "आता तुम्ही सांगा काय सापडतं. मी तुम्हाला काही सांगणार नाही."

"तुम्ही आत्ताच मोठ्याने वाचलंत," मॅडम गोह म्हणाल्या.

"मी मराठीत वाचलं."

ऋता पलंगाच्या कडेला बसली. आपण एका सॉफ्टवेअर कंपनीत जबाबदारीच्या जागेवर आहोत हे तिने स्वतःला एकदा सांगून बघितलं. डेस्मंडने परवानगी विचारली, मग तिच्या मानेला, खांद्यांना हात लावला. बोलायला लागल्यावर तो लहान वाटायचा, पण हात लावल्यावर एकदम मोठा झाला. दोन अंगठ्यांनी त्याने मानेपासून खाली एकेक मणका मोजल्यासारखा चाचपला, परत वर आला, डाव्या खांद्यापाशी थांबला. तिथून हलेना.

"अय्या, काही तरी सापडलं," मॅडम गोह म्हणाल्या.

"पंचांनी फक्त बघायचं असतं," शामकांतराव म्हणाले.

"डावा खांदा वर आहे," डेस्मंड म्हणाला. "उजव्यापेक्षा दोन बोटं. मानेची डावी बाजू दगड झालीय. हे कालपरवाचं नाही, अंकल. खूप वर्षांचं आहे."

शामकांतरावांचा चेहरा पडला. त्यांना हा पोरगा मनापासून पास व्हायला हवा होता. "चूक," ते जड आवाजात म्हणाले. "नोंद निरंक आहे. एक संधी देतो. पुन्हा बघा."

डेस्मंडने पुन्हा बघितलं. कपाळावर घाम आला त्याच्या. "सॉरी, अंकल. नापास करा. पण खांदा वरच आहे."

ऋताच्या लक्षात आलं की आपण नुसतं 'हो, दुखतं' म्हटलं तर हा पास होईल, बाबा पलंगावर झोपतील, मान सुटेल, शुक्रवारी ते एकटे जातील. आणि 'नाही' म्हटलं तर ते सगळं नाही. किती सोपं होतं. पण सबंध वर्षात तिने कोणाला ते सांगितलं नव्हतं, आणि इथे तर प्लास्टिकचा सांगाडाही साक्षीला होता.

"मॅडम," डेस्मंडने तिला विचारलं, "तुम्ही फोन खांद्यात धरता का? असा, कान आणि खांदा यांच्या मध्ये? हात कामात असताना?"

"धरायचे," ऋता म्हणाली.

"आता नाही धरत?"

"नाही. बंद झालं. येत्या रविवारी वर्ष होईल."

"वर्षभरात सुटायला हवं होतं," डेस्मंड विचारात पडला. त्याला दुसरं काही माहीत नव्हतं. "खांदा अजून तसाच वर धरताय तुम्ही. फोन नसताना."

शामकांतरावांचं पेन थांबलं. अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला, तेव्हा पुण्यात पाच वाजलेले असायचे, ऋता इथे कणीक मळायची आणि तिकडे रत्नाताई चहाचा कप घेऊन बसायच्या. काय बोलायच्या दोघी कोण जाणे. शामकांतरावांना पलीकडच्या खोलीत नेहमी एकाच बाजूचं ऐकू यायचं; 'अगं मग?' आणि 'मीठ कमी घालायचं होतंस,' आणि मधेच मोठ्याने हसणं.

"ऋता," ते मराठीत म्हणाले. "दुखतं?"

"दुखतं."

"मग ठीक आहे का म्हणालीस?"

"तुम्हीही तेच म्हणता ना, बाबा. मी विचारलं की."

शामकांतरावांनी बराच वेळ वहीकडे बघायचा प्रयत्न केला. वही मांडीवर होती, नजर तिच्यापर्यंत पोचत नव्हती. शेवटी त्यांनी वही उचलून उजवीकडे डोळ्यांसमोर धरली आणि 'निरंक' वर एक आडवी रेघ मारली.

"मिस्टर टिओ," ते म्हणाले, "तराजू बरोबर आहे. वजनच खोटं होतं."

"म्हणजे मी पास?"

"पास."

मॅडम गोहनी टाळ्या वाजवल्या आणि पर्समधून कागदी रुमालांचं पाकीट काढून ऋताच्या हातात दिलं. मराठी संभाषणातलं त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं. "आई ना?" त्यांनी विचारलं. ऋताने मान हलवली. "माझी गेली तेव्हा माझी कंबर गेली," मॅडम गोह म्हणाल्या. "आठ वर्षं झाली. मी म्हणायचे गादी खराब आहे. तीन गाद्या बदलल्या, लाह."

मग डेस्मंडने ऋताला पालथं झोपवलं, भोकात तोंड घालायला लावलं आणि पाठीवर दोन्ही हात टेकून असा काही हिसका दिला की खाडकन आवाज झाला.

"काय मोडलं?" शामकांतराव उठून उभे राहिले.

"काही नाही, अंकल. सांध्यातली हवा."

"पंच, किती आवाज झाले?"

"वन," मॅडम गोह म्हणाल्या.

"आवाज: एक," शामकांतरावांनी लिहिलं. "ऋता, जिवंत आहेस ना?"

"आहे," पलंगाच्या खालून उत्तर आलं. तिथे, जिथे फक्त फरशी बघत होती, ऋता थोडं रडली. पाठीवर हात असला की हुंदका लपत नाही. पण डेस्मंडने तो मोजला नाही आणि कोणाला सांगितलाही नाही.

शामकांतरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी अटी घातल्या. मानेला हिसका नाही. आवाज नाही. काय करणार ते करण्याआधी सांगायचं, आणि थांब म्हटलं की थांबायचं. डेस्मंड म्हणाला की पहिल्या दिवशी तो कोणाच्याच मानेला हिसका देत नाही, आणि एक्स-रे बघितल्याशिवाय तर हातही लावत नाही. ऋताने पिशवीतून एक्स-रे काढून दिला. त्याने तो उजेडात धरून निवांत वाचला. हे बघून शामकांतरावांनी आपण होऊन चप्पल काढली.

अर्धा तास लागला. डेस्मंड बोटांनी दाबत होता, थांबत होता, श्वास घ्या म्हणत होता, सोडा म्हणत होता; शामकांतराव प्रत्येक वेळी "हरकत नाही" म्हणून मंजुरी देत होते. पंधराव्या की सोळाव्या मंजुरीला त्यांचा आवाज आला नाही. झोप लागली होती. लिफ्टमध्ये मान अडकल्यापासून पहिल्यांदा.

जागे झाले तेव्हा ते छताकडे बघत होते. सरळ वर. त्यांनी हळूच नाक डावीकडे नेलं. गेलं. अर्धंच, पण गेलं. उजवीकडे नेलं आणि परत आणलं. परत आलं.

"दक्षिण," ते स्वतःशीच पुटपुटले.

डेस्मंडने घरी करायचे व्यायाम लिहून दिले. शामकांतरावांनीही त्याला लिहून दिलं. वहीचं पान फाडून, सरकारी इंग्रजीत, दोन ओळींत: सदर इसमाची पंचांसमक्ष पडताळणी केली असता लपवलेला दोष त्याच्या हाताला सापडला व दबाव येऊनही त्याने आपले मत बदलले नाही. मुदत एक वर्ष. खाली सही, आणि सहीखाली ठळक अक्षरांत 'सेवानिवृत्त'. मॅडम गोहनी पंच म्हणून चिनी अक्षरांत सही केली. दुसऱ्या पंचाची जागा रिकामी ठेवली.

डेस्मंडने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. "मी फ्रेम करतो, अंकल. इथे, पदवीच्या शेजारी."

"खबरदार!" शामकांतराव कडाडले. "मला या देशात काडीचा अधिकार नाही. भिंतीवर लावलात तर तुमच्यावर आणि माझ्यावर, दोघांवर खटला होईल. खणात ठेवा. आणि पत्रं लिहायची थांबवू नका. तिसरं लिहा. आमच्याकडे तिसऱ्या पत्राला साहेब स्वतः फाईल मागवतो."

"ओके, अंकल."

"तेही नोंद घेतली म्हणाले तर चौथं."

दोघं खाली रस्त्यावर आले. शामकांतराव समोर बघत चालत होते, आणि मधूनमधून केवळ जमतंय म्हणून दोन्ही बाजूंना बघत होते. एका बाकाशी ते थांबले.

"चला, तुझं काम झालं," ते म्हणाले. "आता मी एकटा जाईन. तू तुझी ती आवृत्ती सांभाळ."

ऋताने फोन काढला. सवयीने तो डाव्या कानाकडे गेला. तिने तो हातात धरला.

"शैलेंद्र, ऐक," ती म्हणाली. "बाबांची मान सुटली. हो. खरंच सुटली. शुक्रवारच्या त्यांच्याच विमानात एक तिकीट बघ... माझं... नाही, मान सुटलीय म्हटलं ना... असू दे आवृत्ती. तिच्यात चुका आहेतच, मी नसले तरी सापडतील लोकांना... हो. परत केव्हा ते नंतर बघू."

शामकांतराव समोरच्या झाडाकडे बघत राहिले. आता कुठेही बघता येत असूनही.

"अगं, पण मला सोबतीची गरज नाही आता," ते म्हणाले.

"मला आहे."

शामकांतरावांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. तेवढ्यात शैलेंद्रचा उलट फोन आला. ऋताने ऐकलं, "बरं, घे तेच," म्हणाली आणि फोन बंद केला.

"मिळालं?"

"मिळालं. पण तुमच्या शेजारची जागा भरलीय. मी तुमच्या मागे सहा रांगा, डाव्या बाजूला."

"सहा रांगा," शामकांतराव म्हणाले. त्यांनी खांदे सैल सोडले, बाकाची पाठ धरली, आणि तिथल्या तिथे मान डावीकडे आणि मागे किती जाते ते वळवून बघितलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थोडी जास्त. चेहरा वेडावाकडा झाला, तरी थांबले नाहीत.

"बाबा, हळू. पुन्हा अडकेल."

"थांब गं. शुक्रवारपर्यंत तीन दिवस आहेत. अजून एवढी आली की दिसशील तू."